थंडोबाचं वाक्य

आमच्या लिफ्टच्या कंपनीत थंडोबाला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. पगाराच्या चिठ्ठीवर काय छापत असतील ते छापोत. लिफ्टमध्ये माणूस अडकलाय, आतून दार बडवतोय, बाहेर त्याची बायको सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतेय, वॉचमनला घाम फुटलाय, आणि आमचा मेकॅनिक एकेक पायरी अशी चढतोय, जणू पिशवी घेऊन भाजीला निघालाय. हे नाव ठेवणारी मीच. तक्रारींच्या टेबलावर मला बावीस वर्षं झाली. लोक फोन लावून पहिली शिवी मला देतात, दुसरी कंपनीला, आणि तोवर मी त्यांचा पत्ता लिहून घेतलेला असतो. मेकॅनिक लोक मला पाठीमागे तोफखाना म्हणतात. म्हणू देत. एकटा थंडोबा मला बाईसाहेब म्हणतो, आणि तेही चेष्टेनं म्हणतो की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच्या कामाची एक रीत होती. पोचला की आधी अडकलेल्या दाराशी उकिडवा बसायचा. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा आणि आतल्या माणसाला सांगायचा, "घाबरू नका. मी इथंच आहे." एवढं म्हणायचा आणि उठून चालू पडायचा! मशीन असतं वर, गच्चीलगतच्या खोलीत. कधी सहा मजले, कधी चौदा. तिथं जाऊन आधी वीज बंद करायची, मग ब्रेक हातानं सोडून चाक थोडं थोडं फिरवत कॅबिन मजल्याला आणायची, मग पुन्हा खाली येऊन दार उघडायचं. आमच्याकडे नियम असा की माणूस बाहेर येईपर्यंत मेकॅनिकनं फोन चालू ठेवायचा, आणि दुसऱ्या टोकाला मी. त्यामुळे ते वाक्य मी किती वेळा ऐकलंय याला गणतीच नाही.

"लाज नाही वाटत?" मी एकदा म्हटलं. "इथंच आहे म्हणता आणि गच्चीवर पळता."

"खोटं नाही ते बाईसाहेब, कामाचं आहे. आतल्याला मी दिसत नाही, पण माझा आवाज त्याच्या कानात राहतो. मी वर पोचेपर्यंत तेवढा पुरतो."

आणि पुरायचा, हे मान्य करायला हवं. आतलं बडवणं थांबायचं.

दुसरा एक नियम माझ्या टेबलावरच्या भिंतीवर लाल अक्षरांत आहे: आत माणूस असेल, तर मेकॅनिकनं जागा सोडायची नाही. आग लागो, वीज जावो, साहेबाचा फोन येवो. हा नियम मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी तीनदा म्हणायला लावते.

थंडोबाची मुलगी भिंगरी. शनिवारी तिची शाळा लवकर सुटायची, मग ती आमच्याकडे यायची आणि माझ्या फिरत्या खुर्चीत बसून इतक्या गिरक्या घ्यायची की बघणाऱ्याला चक्कर यावी. बंद फोन कानाला लावून तक्रारी घ्यायची. "काय म्हणता? लिफ्ट तोंडच उघडत नाही? तिला जरा समजावून सांगा, माणूस पाठवते." बोलणं हुबेहूब माझं, तिरसटपणासकट. मी तिला रागवायचे, आणि शुक्रवारीच तिच्यासाठी बिस्किटं आणून ठेवायचे. सात वर्षांची असताना तिला रक्ताचा आजार निघाला. वर्षभर हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल. आठवा वाढदिवस वॉर्डातच झाला.

तो दिवस गुरुवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास वहिनीचा, म्हणजे थंडोबाच्या बायकोचा, माझ्या टेबलावर फोन आला. नवऱ्याचा फोन लागत नव्हता, कारण तो माझ्याशीच जोडलेला होता. चौदा मजल्यांच्या एका इमारतीत दोन म्हातारी माणसं मधोमध अडकली होती. वहिनी म्हणाली, "यांना लगेच पाठवा हो. डॉक्टर म्हणतात, बोलावून घ्या. ती सारखी विचारतेय, बाबा निघाले का, बाबा निघाले का." आणि तिच्या बोलण्यामागून मला तो आवाज ऐकू आला. बारीक, कोरडा. बाबा निघाले का.

मी दुसरा फोन उचलला आणि थंडोबाला म्हटलं, "हॉस्पिटलमधून निरोप आहे. लवकर बोलावलंय." एवढंच. पुढचं गिळलं. त्याचा हात ब्रेकवर होता. हात थरथरला तर आतली दोन माणसं जातील, असा विचार मी केला. दुसरा मेकॅनिक पाऊण तासावर होता. थंडोबा म्हणाला, "आत माणसं आहेत. वीस मिनिटं." माझ्या डोक्यावर तो लाल नियम होता आणि मी "बरं" म्हणाले. वीसची पस्तीस झाली. तो वॉर्डात पोचला तेव्हा नर्सनं पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला होता.

मी ते पुढचं सांगितलं असतं तर तो निघाला असता का? नसता, बहुतेक. पण निवडायचं होतं त्यानं, आणि त्याच्या वतीनं निवडलं मी. हे मी कुणाला बोलले नाही.

चालण्याची कल्पना हेडबाईंची. हेडबाई म्हणजे थंडोबाची थोरली बहीण, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. निवृत्त झाली हे तिला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. त्या वॉर्डात आईबापांना टेकायला जागा नव्हती. वहिनीनं वर्षभर रात्री एका स्टुलावर काढल्या होत्या, पाठ कायमची धरली होती. तर आईबापांसाठी एक खोली बांधायची, त्यासाठी भिंगरीच्या नावानं वर्षातून एकदा सगळ्यांनी शाळेच्या मैदानापासून हॉस्पिटलपर्यंत चालायचं, आणि प्रत्येक चालणाऱ्यानं ओळखीपाळखीतून देणगी आणायची. चांगलंच काम होतं. मी आजही म्हणेन, चांगलंच काम आहे. तिथंच तर सगळं अडलंय.

पहिल्या वर्षी तीनेकशे लोक आले. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर माइक होता आणि तो एका उत्साही निवेदकाच्या हातात होता. कुणाला काय विचारावं याची अक्कल नसलेल्यांच्या हातातच माइक का असतो, देव जाणे. त्यानं थंडोबाला पुढं ओढलं आणि विचारलं, "आपल्या भिंगरीचे शेवटचे शब्द काय होते?"

थंडोबा उभा. समोर तीनशे माणसं चिडीचूप. तिचे शब्द त्याला ठाऊक असणार कुठून? मी पाहत होते, त्याचा उजवा हात जरासा वर आला, बोट वाकलं, आणि त्यानं हवेत दोनदा ठोकल्यासारखं केलं. मग तोंडातून बाहेर पडलं, "मी इथंच आहे."

सवयीनं आलं ते. समोर घाबरलेली माणसं दिसली की त्याच्या तोंडून दुसरं काही येतच नसे. पण निवेदक ओरडला, "ऐकलंत? मी इथंच आहे! आठ वर्षांची पोर काय सांगून गेली!" बायका हुंदके देऊन रडायला लागल्या, पुरुष चष्मे पुसायला लागले. वहिनी दोन पावलं मागे उभी होती. शेवटच्या क्षणी मुलीपाशी तीच तर होती. ती खाली बघत राहिली, आणि तिनं पायातली चप्पल उगाचच सरळ केली.

त्याच वेळी कुणीतरी "नाही" म्हणायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी ते वाक्य टोप्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी सदऱ्यांवर, छातीशी भिंगरीचा चेहरा आणि पाठीवर वाक्य. चौथ्या वर्षी शाळेतल्या मुलांनी त्याचं गाणं बसवलं. लोक हजारावर गेले. थंडोबाला दर वर्षी त्याच पायऱ्यांवर उभं करून तेच वाक्य म्हणायला लावायचे, आणि तो म्हणायचा. न म्हणून जातो कुठं? खोलीचा पाया भरला होता.

कामावरही ते त्याला सोडेना. एकदा एका इमारतीत बाई अडकलेली. यानं टकटक केली, वाक्य म्हटलं, तर आतून ती बाई हमसून रडायला लागली. "तुम्ही भिंगरीचे बाबा का हो? मी चालले होते तुमच्याबरोबर." लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईची समजूत घालायची सोडून हा बाहेर भिंतीला टेकून बसला. त्या दिवसापासून त्यानं ते वाक्य कामात बंद केलं. नुसती टकटक करतो आणि वर जातो. फोनवर मला मागून आतलं बडवणं ऐकू येत राहतं, पार दार उघडेपर्यंत.

नवव्या वर्षी खोली झाली. हेडबाईंनी ठरवलं, दारासमोरच्या भिंतीवर ते वाक्य लावायचं, स्टीलच्या अक्षरांत, खाली भिंगरीचं नाव. मालकांनी आमच्या वर्कशॉपमधून अक्षरं कापून दिली, ज्या पत्र्याच्या कॅबिनी करतात त्याच पत्र्यातून. आणि ती बसवायची कुणी? घरचाच माणूस आहे की! भोकं पाडायची, स्क्रू पिळायचे, अर्ध्या तासाचं काम. थंडोबानं त्याला तीन दिवस लावले. चौथ्या दिवशी हेडबाईंचा माझ्या टेबलावर फोन आला, तक्रार म्हणून, आणि मी जेवणाच्या सुट्टीत त्याला झाडायला गेले.

नव्या रंगाचा वास, दोन पलंग, भिंतीतलं कपाट, खिडकीला अजून कागद चिकटवलेले. थंडोबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता आणि मांडीवर अक्षरं. भिंतीवर फक्त "मी" लागला होता.

"काय हो, वर्णमाला शिकताय का?"

तो हसला नाही. "बाईसाहेब, हे तिचं वाक्य नाही."

"ठाऊक आहे."

त्यानं मान वर केली.

"हजारदा ऐकलंय मी ते," मी म्हटलं. "पहिल्याच वर्षी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

बराच वेळ तो हातातल्या "इ"ची कड अंगठ्यानं घासत राहिला. मग म्हणाला, "लोकांचं जाऊ दे हो. आमच्या हिला तर पहिल्या मिनिटाला कळलं असणार. ही होती तिथं. मी नव्हतो, आणि नसून वर माइकवर उभा राहून पोरीच्या तोंडी शब्द घातले. नऊ वर्षं एका घरात राहतोय. ही मला वाढते, मी जेवतो. एकदाही म्हणाली नाही, का असं बोललात. मीही विचारलं नाही. आता हे भिंतीवर लागलं की मी मेल्यावरही राहणार."

"मग सांगून टाका."

"हिला?"

"तिला, नाहीतर सगळ्यांना. पण लावण्याआधी."

त्यानं मान हलवली. "रविवारी चालून झालं की. माइकवरच. तिथंच सुरू झालं, तिथंच संपवतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "त्या दिवशी ती खरं काय म्हणाली असेल, हे मला अजून ठाऊक नाही बघा." तेव्हा माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण शिडीवरच्या माणसाला असलं काही सांगू नये, असं मी पुन्हा एकदा मनाशी ठरवलं आणि जेवणाची सुट्टी संपली म्हणून निघून आले. तोफखाना म्हणे! त्यानं त्या दुपारी उरलेली अक्षरं लावली आणि हेडबाईंनी वरून पडदा सोडला.

रविवारी सकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. हेडबाई भोंगा घेऊन रांगा लावत होत्या, सगळं गाव त्यांच्याच वर्गातलं असल्यासारखं. घरच्या माणसांनी सर्वांत पुढं चालायचं, असा प्रघात. थंडोबा आणि वहिनी पुढं, पाठीवर वाक्य. मी त्यांच्या मागे, म्हणजे सबंध रस्ताभर मी ते वाक्य दोनदा वाचत चालले होते, एकदा त्याच्या पाठीवर, एकदा तिच्या. वहिनी लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते, तिची चाल आखडलेली. पुलाच्या चढावर तिला धाप लागली तेव्हा थंडोबा थांबला. मागचे हजार लोकही थांबले. हेही मी दर वर्षी बघते: त्याला रस्त्याच्या कडेला होता येत नाही, मागे वळता येत नाही, नाक शिंकरलं तरी मागच्या चार जणांचे डोळे भरून येतात.

चढ संपल्यावर तो तिला हळूच म्हणाला, "आज मी सांगणार आहे."

"काय?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

वहिनीची पावलं भराभर पडायला लागली. पाठ धरलेली बाई, पण हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत ती त्याच्याही पुढं दोन पावलं होती.

पायऱ्यांवर तोच निवेदक. केस पांढरे झालेत, अक्कल तेवढीच. "आणि आता, ज्या वाक्यानं आपल्या सर्वांना इथवर आणलं, ते वाक्य..." माइक थंडोबाच्या हातात आला. गर्दी त्याच्याकडे बघत होती. पहिल्या रांगेत एक तरुण जोडपं होतं, बापाच्या खांद्यावर टक्कल पडलेलं पोर, नाकातोंडाला फडकं. वॉर्डातूनच उतरले असावेत.

"मला एक सांगायचंय," थंडोबा म्हणाला. "हे जे वाक्य आहे, ते भिंगरीनं..."

वहिनीनं त्याच्या हातातून माइक काढून घेतला. हिसकावला नाही; पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा काढला. नऊ वर्षांत ती त्या माइकच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नव्हती.

"यांना बोलवत नाही," ती म्हणाली. "मी सांगते. मी तिच्याजवळ होते. ती म्हणाली, मी इथंच आहे. माझा हात धरून म्हणाली. मी ऐकलं."

टाळ्या उसळल्या. हेडबाईंनी भोंगा खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला. त्या पोराच्या आईनं नवऱ्याचा दंड धरला. आणि थंडोबा बायकोकडे बघत राहिला. त्याचं तोंड अजून उघडंच होतं, पुढचा शब्द आत तसाच. तो आता कधीच बाहेर येऊ शकत नव्हता. इतकी वर्षं खोटं त्याचं एकट्याचं होतं, हवं तेव्हा मोडता आलं असतं. आता मोडायचं तर बायकोला हजार लोकांसमोर खोटं पाडावं लागलं असतं. तिनं हे प्रेमापोटी केलं, यात मला तिळभर शंका नाही. पण मला तिचा रागही आला.

पडदा उघडला, फोटो झाले, लोक खोली बघायला आत गेले. थंडोबा बाजूच्या पायरीवर बसला. वहिनी त्याच्या शेजारी. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले. त्यानं बाटली हातात घेतली, उघडली नाही.

"खरं काय म्हणाली होती गं ती?"

नऊ वर्षांनी त्यानं विचारलं, आणि ते इतकं साधं विचारलं की मीच आधी दचकले.

"काही नाही," वहिनी म्हणाली. "झोपली होती. दुपारपासून झोपूनच होती."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग माझ्याकडे वळला. "बाईसाहेब, तो फोन तुम्ही घेतला होतात. काय म्हणाली होती ही?"

वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. बघायची गरजच नव्हती. मला वाटलं, आता सांगते. अर्धा निरोप दिला होता, उरलेला देते, मग पायरीवरच कोसळू देत याला, पण निदान ते याचं असेल. माझ्या कानात तो कोरडा, बारीक आवाज चालू झाला होता.

"झोपलीय, असंच म्हणाल्या होत्या," मी म्हटलं. "शांत झोपलीय म्हणाल्या."

थंडोबानं मान डोलवली. एकदा, दोनदा. "बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे तिला वाट बघावी लागली नाही."

तेवढ्यात हेडबाईंनी दारातून हाक मारली. भिंतीपाशी एक फोटो राहिला होता, घरच्या माणसांचा, आणि मलाही त्यांनी घरचीच धरलं. आम्ही उठलो. त्या फोटोत आम्ही तिघं अक्षरांखाली ओळीनं उभे आहोत, आणि मधल्या वहिनीनं एका हातात त्याचा हात, दुसऱ्या हातात माझं मनगट इतकं गच्च धरलंय की तिची बोटं पांढरी पडलेली दिसतात.